मोकळी रोकड

दर मार्चात, बर्फ अजून खिडकीच्या कमरेला असताना,
लेम्पी कांगासचं पत्र यायचं.
पेन्सिलीनं लिहिलेलं, चौकटींच्या वहीतून फाडलेला कागद,
त्याला बर्चच्या लाकडाच्या धुराचा वास.

मी मुख्य कचेरीत हिशेबनीस. सोळा शाखांची बँक,
मिशिगनच्या वरच्या टोकाला
सुपीरियर सरोवराच्या काठाकाठानं सांडलेली.
तिच्याकडे आमचे तीनशे चाळीस शेअर,
नवऱ्यामागे आलेले. वाइनो खाणीत होता.
आधी तांबं संपलं, मग तो.

आणि एक वही. डावीकडे वर्ष,
मध्ये कामकाजातून आलेली रोकड,
तिच्यातून वजा छपरं, यंत्रं, नव्या काचा.
उजवीकडे उरेल ते. मोकळं.

२००३: एकेचाळीस लाख डॉलर.
२००६: सदतीस.
२००९ ला तिनं लाल पेन्सिल घेतली नाही,
आकड्याभोवती नुसता कंस घातला,
थंडीत दार लोटून घ्यावं तसा.

सुरुवातीला मी हसायचो.
बँकेची मोकळी रोकड मोजू नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.
इथे पैसा हाच कच्चा माल आणि पैसा हाच पक्का.
गिरणीत उभं राहून कोण सांगणार,
अंगावर उडालेलं पीठ कुणाच्या डब्यातलं?
तसं मी तिला कळवलं, छापील कागदावर, सभ्यपणे.
उत्तर आलं:
"ठाऊक आहे. तरी मोजते.
थर्मामीटरला तरी थंडी कुठे वाजते?"

२०१२ ला आकडा दुपटीच्याही वर गेला.
अध्यक्षांनी तो भाषणात उचलला, टाळ्या पडल्या, केक कापला.
तिचं पत्र: "पान एकसष्ट, तळटीप चार.
तुम्ही घरकर्जं विकलीत.
माळ्यावरचं सामान अंगणात आणून मांडलं
म्हणून घर श्रीमंत होत नाही."
तळटीप चार मीच लिहिली होती,
कुणी वाचू नये इतक्या बारीक अक्षरात.
पुढच्या वर्षीपासून तळटिपांत
मी एकेक वाक्य जास्त लिहू लागलो. तिच्यासाठी.
हे मी कचेरीत कुणाला सांगितलं नाही.

मग तिच्या गावची शाखा.
ठराव माझ्याच टेबलावरून गेला:
खातेदार दोनशे अकरा, बॉयलर म्हातारा,
छपरावर दर हिवाळ्याला चार फूट बर्फ, तो ओढायला एक माणूस.
वजा केल्यावर काय उरतं, ते मी नीट मांडलं.
मांडणं मला चांगलं जमतं.

मार्च २०१९.
"या वर्षीचा आकडा चांगला आहे.
चांगला आहे, कारण आमची शाखा तुम्हाला तापवावी लागली नाही.
बँक आता अडतीस मैलांवर. शेजारची हिल्मा गाडी चालवत नाही.
मी चालवते, पण डोळे.
आकडा वहीत लिहिला आहे. बरोबर आहे."

मोकळा.
त्या रात्री मी हा शब्द उलटसुलट करून पाहिला.
केस मोकळे, गळा मोकळा, रान मोकळं.
आणि भाडेकरू गेल्यावर म्हणतात तेही:
खोली मोकळी झाली.

नंतर ग्रीन बेच्या मोठ्या बँकेनं आम्हाला घेतलं.
आमची सगळी सोळा, म्हणजे उरलेली अकरा, गावं
त्यांच्या अहवालात एका ओळीत बसली.
त्या ओळीला तळटीप नव्हती.
मार्च आला. टपालात काही नव्हतं.

मे महिन्यात भाचीनं वही पाठवली, सोबत चिठ्ठी:
"तुमच्या नावानं ठेवली होती."
शेवटची ओळ २०२०. दोन रकाने भरलेले,
आकडे कुठून जमवले देव जाणे,
तिसरा कोरा.

वजाबाकी सोपी आहे.
हातचा एकदाच घ्यावा लागतो,
शेजारच्या घरातून.

पेन्सिलीला टोक काढून
आज तीन आठवडे झाले.