ओढ

लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबलेला, तरी गाडी सरकते.
वडाळ्याच्या चार रस्त्याला, वीतभर, वीतभर,
समोरच्या टेम्पोच्या बंपरला नाक लावायला.
न्यूट्रल सापडत नाही. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला,
बुटाच्या टोकाची खटखट,
आणि हिरवा दिवा काही पेटत नाही.
थंड असताना असं करत नाही ती.
तापली की करते.

मुख्तारभाईंनी अँटॉप हिलला चहा पीत निदान केलं:
"सिस्टर, गाडीला ओढ आहे. प्लेटा वाकल्यात.
नऊ हजार, आणि शनिवारपर्यंत ठेवा."
मी म्हटलं, बघते.
एकवीस वर्षं वॉर्डात काढलीत.
पोट उघडण्याआधी नाडी बघावी, एवढं कळतं.

रविवारी नाइट करून आले
आणि बीपीटी कॉलनीच्या जिन्याखाली तिला मधल्या स्टँडवर घेतलं.
पहिला गिअर, क्लच दाबलेला.
मागचं चाक हातानं फिरवलं:
फिरतं, पण चिखलातून पाय काढावा तसं.
वरच्या डबीतलं तेल काढ्यासारखं काळं.
वर मास्टर, खाली स्लेव्ह, पुस्तकात नावं अशीच छापलीत,
मालकाचा दाब गुलामापर्यंत पोचत नाही
तर मध्ये कुठेतरी हवा आहे.
तेल दबत नाही. हवा दबते,
आणि गप्प बसते.

बुडबुडा मला नवा नाही.
सलाइनच्या नळीवर टिचकी मारून किती वर पाठवलेत,
नातेवाइकांचे डोळे त्या तांदळाएवढ्या पोकळीवर खिळलेले.

तळमजल्यावरच्या पागधऱ्यांची किमया, सातवीतली,
क्लास बुडवून लिव्हरवर नेमली.
दाब. दाब. दाब. आता धरून ठेव.
मी निपल पाव आटा सैल करते,
नळीतून काळं, मग करडं, मग फेस.
घट्ट केलं. सोड.
"आधीच सोडलं तर?"
तर बाहेरची हवा आत, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून.
चाळीस वेळा. पन्नास.
तिच्या बोटांवर वळ, माझ्या गुडघ्यात खडी,
शेवटी मधासारखं फिकट तेल, बुडबुडा एकही नाही.
टाकीवर सांडलेला थेंब किमया धुवायला धावली
तोवर त्यानं रंग खाल्ला होता.
राहू दे, म्हटलं.
रात्री लिव्हर मुठीला बांधून ठेवला
टूर्निकेटच्या रबरानं,
उरलंसुरलं काही असेल तर वर चढावं म्हणून.

सोमवारी, चार रस्त्याला:
वीतभर. वीतभर.

दोन दिवस मी बसनं गेले. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग लिव्हरच उतरवला.
बिजागरीजवळ पितळेची बुश, चण्याएवढी,
जिच्या खळग्यात ढकलकाडी टेकते.
गोल असायची ती. लंबगोल झालेली.
दीड मिलिमीटर फार तर.
आधी गोदीतल्या त्या पायलटची मूठ, ज्याच्याकडून मी गाडी घेतली,
मग माझी,
रोज थोडं थोडं पितळ आम्ही दोघांनी झिजवलेलं,
एकमेकांना धड न ओळखता.
हात पूर्ण दाबायचा,
आणि दाबाची सुरुवात त्या खळग्यातच हरवायची.

दारूखान्यात लेथवाल्या शिवलिंगप्पानं नवी वळून दिली.
एकशे वीस रुपये, वर सल्ला फुकट:
ग्रीस लावत जा, बाई.
जुनी मुख्तारभाईंना नेऊन दाखवली.
उजेडात धरून त्यांनी ती फिरवली, "हं" म्हणाले,
आणि आपल्या ग्लासातला अर्धा चहा माझ्यासाठी ओतला.

आज संध्याकाळी चार रस्त्याला गाडी तापलेली,
लिव्हर दाबला, आणि ती उभी राहिली.
नुसती उभी. खाली इंजिन धडधडतंय,
चाकाला त्याचं काही नाही.
बुटाच्या टोकानं एकदाच, हलकं.
हिरवा.

सिग्नल कधी सुटला कळलं नाही.
टेम्पो गेला, मागून हॉर्न,
आणि कुणीतरी माझ्या आईचा उद्धार केला.
मी आणखी एक क्षण तशीच,
मूठ उघडी.