साक्षीदाराचा रकाना

माझं काम धार लावायचं.
केयोनच्या धक्क्यामागं, सॅमनच्या कारखान्यात
एक बिनखिडकीची खोली, सहाणेचं चाक
आणि एकशेवीस सुऱ्या.
प्रत्येकीच्या मुठीला फीत:
पिवळी एदेल्मिराची, निळी तिच्या बहिणीची, एर्सिराची,
हिरवी हैतीहून आलेल्या त्या उंच पोराची
ज्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.

सुरी हातात आली की मला कळतं
कोण थकलंय.
थकलेला माणूस पात्याच्या टाचेनं कापतो,
टोक कोरं राहतं.
निळ्या फितीची सुरी दोन आठवडे टाचेशी झिजत होती.
मी पाहिलं.
बोललो नाही कुणाला.

जूनमध्ये हुकूम निघाला:
धार पाळीला एकदाच.
आधी तीनदा होती.
दगड महाग, पोलाद झिजतं, पट्टा खोळंबतो.
लोकांना वाटतं धारेची भीती धरावी.
अहो, धारेची सुरी ऐकते.
बोथट सुरीला जोर लावावा लागतो,
आणि जोर कुठं जाऊन थांबेल
हे माशाला ठाऊक नसतं, मनगटालाही नाही.

पहाटेचे पावणेपाच.
हातमोज्यात पाणी, पाण्यात बर्फ.
वरचा तारेच्या जाळीचा मोजा
एकाच मापाचा, डाव्या हाताचा,
कुठल्याशा धिप्पाड माणसाला धरून बेतलेला.
एर्सिरा डावखुरी.
तिनं तो उलटा करून उजव्या हातात चढवलेला,
अंगठ्याशी ढिला, बोटांशी दुमडलेला.

पट्टा थांबला नाही.
तीन मासे पुढं गेले, मग कुणीतरी उचलले.
त्यांची नोंद झाली: नग तीन, खराब.

गाडीत बसवताना मुकादम तिच्या कानाशी म्हणाला,
दवाखान्यात सांग, घरी बटाटे सोलत होते.
आमच्या बेटावर बटाटे इतक्या जातींचे,
जांभळे, लांबट, गाठी-गाठींचे,
की हे खोटं कुणालाही पटावं.
घरी कापलं तर औषध आपलं, रजा आपली, बोट आपलं.
कामावर कापलं तर विमा, पगार, शस्त्रक्रिया.
मधे फक्त एक चौकोन,
नखाएवढा.

कंपनीनं हात वर केले.
दोन्ही.
दहाही बोटं शाबूत.

आतली कंडरा तुटलेली, जोडायला उशीर झाला.
एर्सिराची तर्जनी आता वाकत नाही.
भाकरी मोडताना, बटण लावताना, चर्चमध्ये हात जोडताना
ती सरळच राहते,
सारखी कुणाकडं तरी दाखवत.
मी गेलो भेटायला, तर माझ्याकडं.
तिनं लाजून हात एप्रनखाली घेतला.
लाजायचं तिनं!

अर्ज एदेल्मिरानं आणला.
कामगाराला तो स्वतः भरता येतो,
मालकाच्या सहीवाचून अडत नाही.
बावीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.
भिंतीवर लावलेलं होतं म्हणे,
बर्फाच्या पेट्यांच्या रांगेमागं.

एदेल्मिरा म्हणाली, साक्षीदार हवा, रोसामेल काका.
म्हणालो, मी खोलीत होतो गं, चाकाशी.
काही पाहिलं नाही मी.
ती गप्प राहिली.
चहा निवला.

मग मी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली.

त्या सकाळी सगळ्या सुऱ्यांबरोबर तीही आली होती,
धुतलेली, निळी फीत ओली.
चाक फिरत होतं.
चार फेऱ्या मारल्या असत्या
तर ती इतर एकशेएकोणीस जणींसारखी झाली असती,
चकचकीत, निर्दोष, कशाशी संबंध नसलेली.
का कोण जाणे, हात पुढं गेला नाही.

साक्षीदाराच्या रकान्यात जागा दोन ओळींची.
निवृत्तीला चौदा महिने उरलेत,
हे आधी लिहिलं, मग खोडलं.
लिहिलं ते एवढंच:

*अपघात पाहिला नाही.*
*सुरी माझ्यापाशी आहे. तिला मी धार लावलेली नाही.*