पाय क्रमांक सात

रोझनोवमध्ये आयसीला झुरळ म्हणतात.
काळी पाठ, सोळा पाय, एका टोकाला खाच,
नाव ठेवायला फार डोकं लागलं नसेल.
आई ही झुरळं पगारी पकडायची.
चाचणी विभाग, तिसरी रांग, उंच स्टूल :
दांडी वर, झुरळ आत, दांडी खाली,
हिरवा दिवा किंवा तांबडा,
दांडी वर.
एका पाळीत दोन हजार.
धर्मशाळेतसुद्धा माणूस एखादी रात्र काढतो,
त्या सॉकेटमध्ये टेकलं की उठायचं.

कारखाना बंद झाला
तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पडदे नेले,
एकाने तर दाराच्या बिजागऱ्या.
आईने ते सॉकेट नेलं कोटाच्या खिशातून,
स्प्रिंगा ढिल्या पडलेलं, कशालाच घट्ट न धरणारं.
कशाला गं?
याला आता कोण विचारणार, म्हणाली.

मग त्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
पीठ एका बाजूला सारून
तिने चर्चच्या घंटेसाठी बोर्ड केला.
नऊ आयसी, नऊ खोबणी.
ट्रान्झिस्टरलासुद्धा बसायला जागा,
गोल, तीन भोकांची, शर्टाच्या गुंडीएवढी.
फादर मेतोदेय म्हणाले, बाई, सरळ डाख देऊन टाक की,
एवढा खर्च कशाला?
डाख दिला की काढताना बोर्ड जळतो, आई म्हणाली,
माझं एकदा झालंय.
बाबा तेव्हा ओस्त्रावाला राहत होते,
दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात.
फादरनी पुढे काही विचारलं नाही.

मनोऱ्यात रात्री उणे अठरा.
दिवसा बोर्ड तापतो, पत्रा पसरतो,
रात्री आकसतो,
आणि झुरळ केसभर वर सरकतं.
कोणाला दिसत नाही.
मग फेब्रुवारीत कधीतरी दुपारचे बारा
घंटा अकरातच संपवते,
आणि सुताराच्या दुकानातला माणूस
आपलं घड्याळ कानाशी हलवून बघतो.
तेव्हा आई दोनशे चौदा पायऱ्या चढायची
आणि एकेकाच्या पाठीवर अंगठा ठेवून दाबायची.
कुर्र.
शिळ्या पावाचं टोक मोडावं तसा आवाज.
पळून जात नाहीत गं ती, म्हणायची,
बसून बसून अवघडतात.

यंदा तिचा गुडघा.
मी ब्रनोहून आले होते दोन दिवसांसाठी,
मी नेहमी दोन दिवसांसाठीच येते.
तोंडात टॉर्च, हातमोजे काढून,
बोर्डाच्या कडेला तिचं नाव, द्राहोमीरा क्रेत्कोवा, पुसट शाईत.
आठ जणांनी कुर्र केलं.
पाचवा गप्प.
स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचलून काढला,
उलटा केला,
तर सातवा पाय पोटाखाली दुमडलेला.
भोकात कधी गेलाच नव्हता.
मांडी मोडून बसलेल्या पोरासारखा
नुसता वरून टेकून होता,
तीस वर्षं,
एवढ्याशा स्पर्शावर
लग्नं, मयती, नाताळ,
सगळ्यांच्या घंटा झाल्या होत्या.

नखाने हळूहळू सरळ केला.
मोडेल असं वाटलं. मोडला नाही.
खाच डावीकडे. दाबला. कुर्र.

खालून फोन.
कोणता होता?
पाचवा. पाय सात.
तिच्याकडे किटली वाजत होती, ती बंद केल्याचं ऐकू आलं.
दुमडलेला ना?
तुला माहीत होतं?
बसवतानाच कळलं होतं अंगठ्याला.
पण चालत होता गं, म्हणून म्हटलं, राहू दे.
मी विचारणार होते, म्हणजे किती वर्षं तू...
तेवढ्यात बारा पडायला लागले,
माझ्या डोक्यापासून हातभर वर,
एकूण एक, मोजून बारा,
आणि ती पुढे जे बोलत होती
त्यातलं काहीच मला ऐकू आलं नाही.

नंतर कळलं,
येताना यीस्ट आण म्हणत होती.