तीळ कमी पडलेत

पूर ओसरला त्या साली
सुतारमळ्यातल्या आमच्या घरात गुडघाभर गाळ होता.
महापालिकेचा ट्रॅक्टर यायच्या आत
मी त्यातला पाच डबे भरून ठेवला,
ऑइलपेंटचे डबे, ह्यांच्या वर्कशॉपातले.
आत्ती म्हणाल्या, नदीनं घर खाल्लं
आणि हिला तिचं उष्टं जपायचं हाय.

पुढच्या ज्येष्ठात जयसिंगपूरहून रोपं आणली,
काटेरी देठाची, कृष्णाकाठची.
कृष्णेची रोपं, पंचगंगेचा गाळ.
दोघी एरवी वाडीला भेटतात,
यंदा आमच्या न्हाणीमागं भेटल्या.

कांदेनवमीला झाडं वीतभरच होती.
त्या दिवशी विकतची वांगी खाल्ली
आणि आत्तींनी वांगं सोडलं, थेट चंपाषष्ठीपर्यंत.
खंडोबाचं आहे, विचारायचं नाही.
त्यांनी सोडलं म्हणजे चुलीनं सोडलं,
चुलीनं सोडलं म्हणजे आम्ही सगळ्यांनी.

झाडांना पंचांग कुणी दाखवलं नव्हतं.
श्रावणात जांभळी फुलं आली, खाली मान घालून.
मग शेंडे सुकायला लागले.
एक चिरून बघितला, आत गुलाबी अळी
आपल्याच घरात असल्यासारखी निवांत.
रोज सकाळी शेंडे खुडले,
बंबातली राख पानांवर भुरभुरली,
आणि भाद्रपदात एकदम टोपलीभर वांगी निघाली,
अंड्याएवढी, काळपट, चकाकती,
खायला घरात कोणी नाही.

बोटात गेलेला काटा दातानं काढत
मी टोपली भिंतीवरून दिलशादवहिनींना दिली.
संध्याकाळी त्यांच्याकडं फोडणी बसली.
कूट, खोबरं, कांदा-लसूण चटणी,
वास भिंत चढून आला
आणि आत्तींच्या हातातली माळ थांबली.
डोळे मिटलेलेच.
"तीळ कमी पडलेत," म्हणाल्या, आणि माळ पुढं सुरू.

मी ते भिंतीपलीकडं सांगितलं.
वहिनी हसल्या नाहीत. तीळ भाजले.

मग दर चार दिवसांनी हेच.
तिकडं तेल सुटायला लागलं
की वहिनी झाकण काढून पातेलं भिंतीवर धरायच्या,
"आक्का, आता बघा!"
इकडून निकाल जायचा:
खोबरं करपवलंस.
चटणी जुनी हाय, डब्याच्या तळातली.
देठ काढलेस व्हय गं? देठासकट घालायचं असतंय,
देठालाच चव असती.
वासावरनं देठ कसे कळले, देव जाणे.
वास घेतल्यानं व्रत मोडतं का
हे मी कुणाला विचारलं नाही.
हे विचारणार होते,
मी त्यांच्या डब्यात शेपू भरला.

चंपाषष्ठीपर्यंत झाडं थकली.
पानं भोकाभोकाची, फळं वाकडी.
होती नव्हती ती गॅसवर भाजली,
भरीत केलं, रोडगा केला, नैवेद्य दाखवला.
पाच महिन्यांनी वांगं पहिल्यांदा ताटात आलं.
आत्तींनी बोटभर चाखलं, नमस्कार केला,
आणि ताट जरा सरकवून म्हणाल्या,
"तिनं केलंय का आज?"

वाटी भिंतीवरनं आली, गरम, हातात धरवेना अशी.
देठासकट चार वांगी, वर लाल तवंग.
आत्तींनी भाकरी मोडली.
मी इकडं, वहिनी तिकडं टाचा उंचावून,
दोघी गप्प.
बराच वेळ नुसतं चावणं.

"तीळ जास्त झालेत,"
म्हणाल्या, आणि वाटी पुसून घेतली.

पाचव्या डब्यात एक वांगं बियाण्याला सोडलंय,
पिवळं पडलंय, हलवलं तर जड लागतं.
दोन पुड्या होतील, एक तिकडची.
डब्यातला गाळ मात्र चार बोटं खाली गेलाय.
मी म्हटलं, कुठं गेला एवढा?

आत्ती दात कोरत बसल्या होत्या.
"कुठं जातोय," म्हणाल्या,
"खाल्ला की आपण."