चाळीस प्रती

दर बुधवारी एक पान लिहिते.
पाठपोट, कारण तिकोने झेरॉक्सवाले
दोन्ही बाजूंचे मिळून दीड रुपयाच धरतात माझ्यासाठी.
चाळीस प्रती.
पंधरा गिरणीत, दहा दूधकेंद्रावर,
उरलेल्या कर्वेनगरच्या वाचनालयात,
तिथल्या बाई त्या जाहिराती समजून
वजनकाट्याच्या पावत्यांखाली सरकवतात.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात
लोकांची बोलणी जोडून दिली मी.
सांगली बोला. नगर बोला. जळगाव लागत नाही.
'होल्ड करा' आणि 'तीन मिनिटं झाली'
यापलीकडे माझं असं वाक्य
एकाही तारेतून गेलं नाही.

म्हणून पहिल्या पानाला विषयच सुचेना.
शेवटी लिहिलं नळाच्या वायसरबद्दल:
हे गेल्यावर माझा मीच बदलला,
पान्ह्यानं बोट सोललं,
आणि थेंब थांबला तेव्हा
घरात नको इतकी शांतता झाली.

आठवडाभर काहीच नाही.
गिरणीत माझ्याच पानावर
एक बाई बाजरी निवडत बसल्या होत्या.
खडे माझ्या दुसऱ्या परिच्छेदावर.

मग दूधकेंद्रावर ते पान परत आलं,
तांबड्या शाईत:
'पाना हवं. पान्हा आईला फुटतो.
वि. ग. आठल्ये.'
रागानं घडी घालताना खाली दिसलं,
अगदी बारीक, पेन्सिलीनं:
'वायसर मीही शिकलो. हिच्या माघारी.'

त्या रात्री चहा दोनदा केला.
एवढंच. सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

पुढे येत गेलं काय काय.
एकीनं कुळथाचं पीठ ठेवलं, वर चिठ्ठी,
'तुम्ही लिहिलंत तसं माझी सासूही बोलायची,
पण मी तेव्हा ऐकलं नाही.'
गिरणीतला पोऱ्या विचारतो,
'आमचं नाव कधी टाकणार?'
(टाकलं. शंकर नाही, शंकऱ्या टाक म्हणाला.)
आणि वारज्याच्या बसचा एक कंडक्टर,
तिकीट फाडता फाडता म्हणाला,
'आईला दिसत नाही, मी वाचून दाखवतो.
पण मॅडम, तुमची वाक्यं लांब.
डबल ड्यूटी झाली की दम लागतो.'

तेव्हापासून पूर्णविराम देताना
त्याचा श्वास मोजते.
तो कधी घरी पोचतो, माहीत नाही.
आईचं नावही माहीत नाही.
तरी वाक्य तोडते तिथं
ती मान हलवत असेल, असं धरून चालते.

परवाच्या बुधवारी ताप होता.
पान नाही. तिकोन्यांना निरोपही नाही.
गुरुवारी संध्याकाळी
वर्षभर मुका पडलेला घरचा फोन वाजला.
'आठल्ये बोलतोय. जुन्या डिरेक्टरीत सापडलात.
पान आलं नाही. बऱ्या आहात ना?'

काय म्हणावं सुचेना.
'होल्ड करा,' म्हटलं, सवयीनं,
आणि रिसीव्हर उशीवर ठेवून
डोळे पुसायला पदर शोधत राहिले.

त्यांनी धरून ठेवला होता.
तीन मिनिटं होऊन गेली असतील.
कुणी मध्ये बोललं नाही.

मग घसा खाकरून म्हणाले,
'मागच्या पानात, दुरुस्तीतला रु ऱ्हस्व.'
लिहून घेतलं मी.