पाणी चढेपर्यंत

संचालनालयाचं पत्र आलंय:
राज्यातल्या ग्रंथालयांचा इतिहास लिहायला घेतलाय,
आपल्या शाखेची माहिती एका पानात, सोमवारपर्यंत.
सोबत तक्ता. स्थापना, इमारत, कपाटं, वाचक.
होडी लिहायला त्यात रकाना नाही.

आमची शाखा आधी होडी होती.
कृष्णेच्या कालव्यावर, गोऱ्यांच्या काळात,
ताडाच्या छपराखाली तीन फळ्या, एक कंदील,
वाळवीसाठी कडुलिंबाचा पाला.
पुढे बुच्चिरामय्या मास्तर, नोंदवही मांडीवर,
मागे पेंटय्या, बांबू आणि पाणी.
शंख वाजला की धुणं तसंच टाकून
बायका काठावर.
वर्गणी कुणी आण्यात दिली, कुणी वांग्यांत.

ती नोंदवही माझ्याकडे आहे.
भिजून भिजून तिची कड लाटेसारखी झालीय.
नावं, गावं, तारखा,
आणि एकाच पुस्तकापुढे
एकोणीस वेळा तोच अंगठा.
पेंटय्याचा.

अक्षराशी त्याची ओळख नव्हती. मग?
शेऱ्यातली मास्तरांची बारीक शाई सांगते.
वाटेत एक लॉक होतं. आत शिरायचं, दरवाजे लावायचे
आणि खालचं पाणी वरच्याला भेटेपर्यंत थांबायचं.
लॉकवरचा गुरवय्या शिकलेला, चौथीपर्यंत.
काठावर उकिडवा बसून तो वाचायचा,
सुरुवातीला खाली वाकून, ओरडून,
मग हळूहळू आवाज उतरत जायचा,
कारण होडी चढत असायची
आणि पेंटय्याचे कान त्याच्या तोंडाशी येऊन पोचायचे.
पाणी समान झालं की दरवाजे उघडायचे.
पुस्तक मिटायचं.

“पुरात पाणी लवकर चढते,” एक शेरा म्हणतो,
“सबब गोष्ट मागे पडली.”
दुसरा: “गुरवय्यास ताप. वाचन नाही.”
एकोणिसावा: “शेवट बाकी.”

विसावी नोंद नाही.
लढाई लागली, होडी भाताच्या पोत्यांसाठी गेली.

पुढचं सगळं तक्त्यात बसतं.
देवळामागची भाड्याची खोली. स्वातंत्र्य. भाषेचं राज्य. कायदा:
घरपट्टीच्या रुपयामागे काही पैसे ग्रंथालयाला,
जे पंचायती गोळा करतात आणि पाठवायला विसरतात.
सत्त्याहत्तरचं वादळ, छप्पर गेलं,
नोंदवही वाचली ती झाडूवाल्या कोटम्मानं
तांदळाच्या डब्यात घातली म्हणून.
दोन संगणक, त्यातला एक चालू.
परीक्षांची मुलं येतात, पुस्तकं आपापली आणतात,
आमच्याकडून फक्त पंखा घेतात.
असू दे. पंखाही सार्वजनिक असावा.

पुस्तक काल सापडलं, बाद करायच्या ढिगात.
शेवटची आठ पानं जोडलेलीच,
छापखान्यातून घडी आली तशी.
म्हणजे गुरवय्यालाही ठाऊक नव्हतं.
मास्तरांनाही नाही, ज्यांनी ते इतकं वाटलं.

मी पट्टी घेतली, टोक घडीत सरकवलं.
खिडकीबाहेर कालवा जलपर्णीनं हिरवा,
लॉकचे दरवाजे गंजून उघडेच अडकलेत,
पाणी आता कुणाला उचलत नाही.
पट्टी काढून घेतली.

बादच्या यादीतून पुस्तकाचं नाव खोडलं,
समोर लिहिलं: बाहेर दिलेले.
“मग हे कपाटात ठेवू, मॅडम, की ढिगात?” शिपाई विचारतो.
म्हटलं, राहू दे टेबलावर.
तक्ता अजून कोराच आहे, आणि आज शनिवार.