सोमसूत्री

निंबाळकर सरांनी नकाशा काढून दिला होता
विम्याच्या जुन्या डायरीतल्या कोऱ्या पानावर :
अंतर साडेपाच किलोमीटर. चढ नाही.
वाटेत चहा एकदा. कुत्री दोन, ओळख ठेवतात.
नदी कायम उजव्या हाताला असावी.

म्हणजे प्रदक्षिणाच की, मी म्हटलं.
म्हणजे चालणं, सर म्हणाले,
पुण्याचं तुमचं तुम्ही बघा.

त्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून
मी आणि कुमुदवन्सं जातो, महिन्यातून एका रविवारी.
बडोद्याहून पहिली बस, देण्यापर्यंत.
गावाच्या नावाचा आपल्याकडे वेगळाच अर्थ,
वन्सं दर वेळी उतरताना म्हणतात,
चला, देणं फेडू.

शहरात शिरण्याआधीची विश्वामित्री
बारीक, मेंदी धुतल्या पाण्याच्या रंगाची.
अजून कुणी तिला नाक दाबून ओलांडलेलं नाही.
काठानं वेडी बाभूळ, मग एरंडाचं शेत,
मग तंबाखूची पानं, हत्तीच्या कानांएवढी,
आणि मध्येच एक टिटवी, आम्ही तिची अंडी चोरलीत
अशा खात्रीनं ओरडणारी.

रायजीकाकांकडे चहा. बशीत.
“आ वखते मोडा पड्या?”
उशीर झाला खरा; वन्संच्या चपलेचा अंगठा तुटला होता,
काकांनी तो सुतळीनं बांधून दिला
आणि चहाचेच पैसे घेतले.

पुढे खोडियारची देरी.
देवी मगरीवर उभी. मगर सिमेंटची,
हिरव्या ऑइलपेंटची, ओठांना लाली.
वन्संनी गुळाचा खडा देवीपुढे ठेवला,
अर्धा मोडून वाहनापुढे.

आणि वळणापलीकडे, कॉजवेवर,
जिथून आम्ही नेहमी पलीकडे जातो,
तिथे खरी.

रंग नव्हता. वाळक्या चिखलाचा एक लांब ढीग,
त्याला डोळा.
म्हशींमागचा पोरगा काठी गळ्यामागे आडवी धरून उभा होता.
“तडको खाय छे,” तो म्हणाला.
आपल्याकडेही ऊन खातातच.
किती वेळ खाईल?
त्यानं आधी सूर्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे,
आणि खांदे उडवले.

आम्ही बऱ्याच लांब बसलो. भाकरवडीचा पुडा फोडला.
समोरच्या काठावर उरलेला पाव गोल :
पांढरी शाळा, पंपाची खोली,
खाटेवर पापड घालणारी ती बाई,
जिचं नाव सहा वर्षांत विचारायचं राहिलं.
तिनं हात हलवला. पंजा फिरवून विचारलं, काय झालं?
वन्संनी दोन्ही तळवे जोडून जबडा उघडला, मिटला.
बाई हसली असावी. खांदे हलले,
आवाज पाण्यावरून आला नाही.

तासाभरानं वन्सं उठल्या, पदर झटकला.
“शंकराला कशी घालतात, सोमसूत्री?
पन्हळ ओलांडायची नाही,
आल्या वाटेनं मागं यायचं.
तीही पुरीच धरतात.”

नदी डाव्या हाताला आली.
तीच वाट, पण चिंचेला मागून झोका बांधलेला होता.
एरंडाच्या शेतातलं बुजगावणं, इकडून पाहिलं तर,
कुणाचा तरी लग्नातला कोट घालून.
वाडीच्या स्वागताच्या पाटीला पाठ होती
आणि पाठीवर रंगवलेलं होतं : आवजो.
इतक्या वेळा आत आलो,
या बाजूनं कधी निघालोच नव्हतो.

रायजीकाका दुसऱ्यांदा चहाचे पैसे घेईनात.

संध्याकाळी सरांनी विचारलं, गोल पुरा झाला?
सांगितलं सगळं. ते ऐकत राहिले,
गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी,
मग म्हणाले, डायरी द्या जरा.
कॉजवेच्या जागी रबर फिरवलं,
फुंकर मारून भुगा उडवला,
आणि त्या फटीत, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं :
येथे विचारून पुढे जावे.

कुणाला, ते लिहिलं नाही.
वन्संनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं,
मग म्हणाल्या, सर, चहा दोनदा करा.
आणि चांभार लिहा, एक.